बावीस मिनिटांची विहीर

नानांच्या घरून काकूंचा, त्यांच्या बायकोचा, फोन आला तेव्हा मी सांगलीच्या कॉलेजात तास संपवून बाहेर पडत होते. "नाना गेले गं," एवढंच त्या बोलल्या. त्याला आता महिना होईल.

नाना कोरेगावच्या आमच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वर्गात विचारायची लाज वाटायची, म्हणून सगळं नानांना विचारायचे. नानांना एक वेड होतं. विहिरीवरचे आवाज ते स्पूलच्या टेपवर घेत, टेप ब्लेडने कापत, तुकडे उलटे जोडत, संथ चालवत. त्यातून त्यांनी बावीस मिनिटांची रचना केली होती, 'विहीर'. तीत ना गाणं, ना ताल. कुणीतरी ती शेवटपर्यंत ऐकावी, एवढीच त्यांची इच्छा.

स्नेहसंमेलनात त्यांनी ती लावली. थोड्या वेळाने विजेची एक फेज गेली की विहिरीवरची मोटर अडून घुमते तशी जाड घुमघुम सुरू झाली आणि पालकांतले एक तात्या ताडकन उठले. "आरं, फेज गेली, मोटर जळंल!" म्हणत धावले आणि मेन स्विचच खाली ओढला. सगळा हॉल हसला. मला रडू आलं. नाना मात्र टेप गुंडाळताना खुशीत होते. "टाळ्या कुनीबी वाजवतं. ह्यो गडी उठून पळाला. आजून कसं ऐकायचं असतं?"

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत बसून मी ती पूर्ण ऐकली. घुमघुम विरते, मग पाइपातून नुसती हवा येते, लांब, दमलेली... पाणी आता येईल असं वाटत राहतं आणि टेप संपते. आम्ही वडूजकडची, दुष्काळी भागातली माणसं. पाण्याआधीच्या त्या हवेला लहानपणी किती वेळा कान लावला होता. आपल्या रानातलंही इतकं मन लावून ऐकण्याजोगं असतं, हे मला त्या दुपारी कळलं. पुढे मी ध्वनिशास्त्र घेतलं, आज तेच शिकवते. हे नानांचं देणं.

परवा काकूंना भेटायला गेले. इतकी वर्षं त्या 'विहीर'ला घरघर म्हणत, पुरती कधी ऐकली नव्हती. या वेळी त्यांनीच नानांच्या खोलीत नेलं आणि म्हणाल्या, लाव. शेवटची हवा सुरू झाली तशी मी समजावू लागले, पाणी चढण्याआधी पाइपातून अशी हवा... काकूंनी हाताने थांबवलं.

"ही टेप केली त्या साली हिरीत पानी कुठलं, पोरी? म्या पायप धरला हुता, आन् ह्ये त्यात त्वांडानं फुकत हुते."

टेप संपली. मी मशीन बंद करायला उठले.

मग काकू म्हणाल्या, "परत लाव. शेवटचं तेवढं."