तोंड मिटा

रॉक संगीताचे फोटोग्राफर म्हणून त्या गृहस्थांची कारकीर्द एका दुपारी सुरू झाली आणि त्याच दुपारी संपली. सत्तरीचं दशक नुकतंच लागलं होतं. नगरच्या कॉलेजात आम्ही चौघांनी केस वाढवून बँड काढला होता आणि पोस्टरसाठी फोटो हवा होता. मी जामखेडचा, म्हणून सगळ्यांना आमच्या स्टँडमागच्या स्टुडिओत नेलं. मालकांचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं; गाव त्यांना फोटोवाले म्हणायचं.

लग्नाचे फोटो काढण्यात त्यांची हयात गेली होती. आम्ही गिटार उंचावून आरोळी ठोकली, तसे ते कॅमेऱ्यावरच्या काळ्या फडक्यातून बाहेर आले.

"तोंड मिटा. आवाज फोटोत येत न्हाई."

मग त्यांनी आमच्या डोक्यांना तेल चोपडलं, भांग पाडले, गायकाला खुर्चीत बसवलं आणि आम्हाला मागं उभं केलं. फोटो हातानं रंगवून मिळाला, तेव्हा गायकाच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं.

"लांब क्यास दिसलं की बुरूश आपसूक कपाळावर जातो," ते म्हणाले.

पोस्टर बोंबललं, पण त्यांनी एक प्रत दर्शनी काचेत लावली. पुढं एकदा मी तिथं असताना खर्ड्याच्या एका शेतकऱ्यानं त्या काचेवर बोट ठेवलं.

"ही खुर्चीतली पोरगी कुनाची? आमच्या थोरल्यासाठी बगतोय."

फोटोवाल्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"पोरगी गुनाची हाय," ते म्हणाले, "पन लई वरडती."

पाहुणे निघून गेले. आमच्या गाण्याची आजवर झालेली समीक्षा तेवढीच.