कादरभाऊंची टाळी

कादरभाऊ कुठल्याही नव्या खोलीत शिरले की आधी एक टाळी वाजवत आणि मान कलती करून ऐकत राहत. आईचं गाणं रेकॉर्ड करायला आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हाही त्यांनी तेच केलं. आई दचकली.

"भिऊ नका, बाई. खोली कशी बोलते ते पायतो," ते म्हणाले. "हे लय बोलते. तुमी माझ्या इथी या."

सावली गावात एका कापडदुकानामागे त्यांची रेकॉर्डिंगची खोली होती, भिंतींना जुन्या गाद्या टांगलेली. झाडीपट्टीतल्या नाटकांची गाणी, लग्नाची गाणी, विहारातली भीमगीतं तिथंच व्हायची. येणाऱ्या प्रत्येकाला रिव्हर्ब, म्हणजे यंत्रानं घातलेली गूंज, हवा असायचा. मंडपातल्या भोंग्यासारखा आवाज घुमला पाहिजे. भाऊ चिडायचे. "गूंज मिठावानी असते. पडली तं काढता येत नाई. आन् जास्त झाली का मानूस दूर जाते."

आई विहारात जन्मभर गायली. तिच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं. आवाज जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. म्हणून आदल्या आठवड्यात मी तिला भाऊंकडे नेलं. ती गायली, पण दर ओळीनंतर तिला धाप लागत होती. मला ते ऐकवेना.

"भाऊ, रिव्हर्ब वाढवा. धाप झाकली पाहिजे."

"काऊन झाकता, सर? तो बाईचाच श्वास हाये ना."

मी ऐकलं नाही. शाळामास्तराचा हट्ट, दुसरं काय! त्यांनी मुकाट्यानं माझ्या मनासारखं करून दिलं.

ऑपरेशननंतर घरी आलेल्या आईला मी ते गाणं लावून दिलं. थोडा वेळ ऐकून तिनं पाटीवर लिहिलं, "ही कोण? लांबून गाते."

लाजेपायी मी भाऊंकडे जायचं टाळत राहिलो. गेलो तेव्हा ते राहिले नव्हते. महिन्यापूर्वीच छातीत कळ येऊन गेले होते. दारातच मला रडू फुटलं. त्यांच्या पत्नी सलमाभाभींनी कपाटातून एक पेन ड्राइव्ह काढून दिला. वरच्या चिकटपट्टीवर भाऊंचं अक्षर होतं: 'सरची आई. बिना गूंज.'

"सर येतीनच, म्हनत होते," भाभी म्हणाल्या.

घरी येऊन लावलं. आधी एक टाळी. मग भाऊ, अगदी जवळून: "बाई, घाई नाई. श्वास घ्या, मंग गा."

गाणं सुरू झालं. खाटेवर बसलेल्या आईनं गळ्यावर हात ठेवला आणि दर धापेला ती मान हलवत राहिली. संपल्यावर तिनं पाटी ओढून घेतली.

"पुन्हा लाव," तिनं लिहिलं. "टाळीपासून."