भिंगरीचा श्वास अडकतो तेव्हा

आमच्या रस्त्याच्या टोकाला औषधांचं दुकान आहे, त्याला लागून वस्तादांचं सलून. दोन खुर्च्या, समोरासमोर आरसे आणि भिंतीला टेकून वाट बघणाऱ्यांचं बाकडं. वस्ताद हे काही त्यांचं नाव नव्हे, पण बायको आणि आई सोडून सगळे त्यांना तेच म्हणतात. हात हलका आणि जीभ त्याहून हलकी. लहान मुलांचे केस कापावेत तर त्यांनीच. खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकून पोराला वर बसवायचं आणि कात्री कानाशी येईपर्यंत अशी काही बडबड लावायची, की पोराचं रडायचं राहूनच जायचं.

आणि अशा माणसाच्या स्वतःच्या पोरीच्या डोळ्यांवर झिपऱ्या! दोन वर्षांची पोर, पाय म्हणून एका जागी ठरत नसत, म्हणून घरात तिला भिंगरीच म्हणायचे. आईच्या कडेवर बसून ती रस्त्याने निघाली की केसांच्या पडद्याआडून फक्त नाकाचा शेंडा दिसायचा. "काय वस्ताद, घरी कात्री न्यायला बंदी आहे वाटतं?" असं मी एकदा सहज म्हणालो. एरवी शब्दाला चार शब्द परत करणारा माणूस, नुसता हसला आणि कंगवा धुवायला वळला. तेव्हाच मला खटकलं होतं.

पुढे दर महिन्याच्या कटिंगला थोडं थोडं करत त्यांनीच सगळं सांगितलं.

सुरुवात झाली ती भिंगरी चालायला लागली तेव्हा. एका संध्याकाळी ती मोबाइलच्या चार्जरची वायर चावत बसली होती. वस्तादांनी वायर काढून घेतली. तिने भोकाड पसरलं. एक हुंदका आला, दुसरा लांबला आणि मग आवाजच बंद. तोंड उघडं, डोळे विस्फारलेले, पण आत श्वास नाही आणि बाहेर हूं नाही. चेहरा लाल झाला, मग जांभळा, ओठ निळे पडले. अंग एकदा ताठ झालं आणि मग ओल्या फडक्यासारखं हातात लोंबलं.

"हिच्या घशात काहीतरी अडकलंय!" बायको किंचाळली आणि पोरीला गदागदा हलवू लागली. वस्तादांनी तोंडात बोट घातलं. म्हातारीने, म्हणजे वस्तादांच्या आईने, तांब्याभर पाणी तोंडावर मारलं. कोण काय करतंय कोणालाच कळत नव्हतं. आणि अचानक पोरीने एक लांबलचक श्वास आत ओढला, चेहऱ्यावर रंग आला आणि ती क्षीण आवाजात रडू लागली.

दोघं नवराबायको तशीच, पायात चपला न घालता दवाखान्यात धावली. डॉक्टरबाईंसमोर बसतात न बसतात तोच भिंगरी त्यांच्या टेबलावरचे पेन एकेक करून खाली टाकू लागली.

डॉक्टरबाईंनी नीट तपासलं. डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, रक्त काढलं, हृदयाचा आलेख काढायला लावला. सगळं हाती आल्यावर म्हणाल्या, "हृदय छान आहे. ही फीटही नाही. काही मुलांचा रडता रडता श्वास अडकतो. राग आला, लागलं, दचकलं की. ती मुद्दाम करत नाही, तिच्या हातात ते नाहीच. बेशुद्ध झाली की शरीर आपोआप श्वास सुरू करतं. बहुतेक वेळा मिनिटाच्या आतच."

"आणि नाही केला तर?" बायकोने विचारलं.

"आधी रडली आणि मग श्वास थांबला, तर हे तेच. तिला कुशीवर आडवी करायची, आजूबाजूला काही टोकदार नको, आणि जवळ बसून राहायचं. हलवायचं नाही, पाणी मारायचं नाही, तोंडात बोट घालायचं नाही. न रडता असं झालं, खाताना झालं, मिनिटभरात शुद्ध आली नाही किंवा नुसते झटकेच येत राहिले, तर मात्र तडक घेऊन या. शिवाय हिच्या अंगात लोह फार कमी आहे. नुसत्या दुधावर दिसतेय. हे औषध देते, आणि बाटली कमी करून जेवण वाढवा. लोह भरून निघालं की हे प्रकार पुष्कळदा कमी होतात."

घरी आल्यावर म्हातारी वस्तादांकडे बोट दाखवून म्हणाली, "अगं, हा सुद्धा असाच काळानिळा व्हायचा. बाकाखाली जाऊन पडायचा."

बायको उसळली. "आई, तुम्हाला हसण्यावारी न्यायचं असेल तर न्या. माझ्या हातात होती ती."

"हसत नाही गं. मीही अशीच थरथरायचे. तू विचारलंस तर सांगेन," म्हातारी म्हणाली. पण सुनेने काही विचारलं नाही.

तेव्हापासून त्या घरातून 'नाही' हा शब्द हद्दपार झाला. भिंगरीला रिमोट हवा? घे. रिमोट दुधात बुडवायचाय? बुडव बाई. औषध कडू लागून तिने थुंकलं, तर दुसरा चमचा पुढे करायची कोणाची छाती नव्हती. पोळी ढकलून बाटली मागितली की बाटली मिळायची. म्हणजे लोहाचं औषध बाटलीत तसंच, पोर दुधावर तशीच, आणि श्वास अडकायचा तोही तसाच. पडली की अडकायचा, दार आपटलं की अडकायचा. बायको चपलांच्या दुकानात कामाला जायची, ते तिने सोडलं. भिंगरीच्या मागे मागे, हात पुढे करून, ती घरभर फिरत असायची. झोपलेल्या पोरीच्या नाकाशी बोट धरून बघायची. केस कापायचा विषय तर वस्तादांनी काढायचीही सोय नव्हती. "हवे तेवढे वाढू देत," ती म्हणायची, "केसांनी कोणी मरत नाही."

वस्तादांची जीभ आटली ती याच काळात. एकदा मी दाढीला बसलो होतो. वस्तरा माझ्या गळ्याच्या घाटीवर असताना त्यांचा फोन वाजला आणि त्यांचा हात सटकला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. माझ्या गळ्यावर रक्ताची बारीक रेघ उमटली, आणि त्यांनी आधी फोन बघितला. फोन कुठल्यातरी कंपनीचा होता. मग तुरटी लावतानाही त्यांचं लक्ष फोनकडेच होतं, म्हणून तुरटी मीच हातात घेतली.

"माफ करा," ते म्हणाले. "मला वाटलं, घरून आहे."

मग भिंगरीचा डावा डोळा आला. केस सारखे डोळ्यात जायचे, ती चोळायची, सुजून डोळा मिटला. बायको तिला त्याच डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी थेंब लिहून दिले, औषधाची बाटली संपली का ते विचारलं, आणि खरं काय ते कळल्यावर खुर्ची पुढे ओढून बसल्या.

"तुम्ही तिला रडू देत नाही ना?"

बायकोने पोरीच्या डोळ्यावरची झिपरी बाजूला केली.

"तिचा श्वास थांबतो, तो परत येतो. पण तुमचा थांबलाय, त्याचं काय करायचं? आजच केस कापा. रडली तर रडू द्या. अडकला श्वास तर अडकू द्या, तुम्ही जवळ आहात."

त्या दिवशी दुपारी मी बाकड्यावर पेपर वाचत होतो. माझ्याशेजारी आणखी दोघं बसले होते. दारातून वस्तादांची बायको आत आली, कडेवर भिंगरी. तिच्या चेहऱ्यावर रक्त म्हणून नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "अहो, हिचे केस कापा."

वस्तादांनी तिच्याकडे बघितलं. "आत्ता? इथे?"

"घरी मला जमणार नाही. मी दार लावून घेईन. इथे चार माणसांत तरी मला पळता येणार नाही."

फळी टाकली गेली. वस्ताद नेहमीची बडबड करायला गेले, पण एक शब्द धड येईना. वेगळेच आवाज निघत होते. कात्रीचं थंड पोलाद कपाळाला लागलं आणि भिंगरीने किंकाळी फोडली. झिपऱ्यांचा एक झुबका खाली पडला, मग दुसरा. आणि मग आवाज बंद झाला.

मी वर बघितलं. तोंड उघडं, आरशात निळे होत जाणारे ओठ. वस्तादांनी कात्री फेकली, पोरीला उचललं आणि खाली फरशीवर, कापलेल्या केसांतच, कुशीवर ठेवलं. स्वतःही तिच्यासमोर आडवे झाले.

"अरे, पाणी मारा!" माझ्याशेजारचा ओरडला. दुसरा म्हणाला, "पाठीत धपाटा घाला!" मी काही न सुचून केस भिजवायची फवाऱ्याची बाटलीच उचलली.

"ठेवा ती खाली."

वस्तादांची बायको हात पसरून आमच्या आणि पोरीच्या मधे उभी होती. "कोणी हात लावायचा नाही तिला. येतोय तिचा श्वास. येतोय."

आम्हाला सांगत होती की स्वतःला, कोण जाणे. रस्त्यावरून एक गाडी हॉर्न वाजवत गेली. आतमध्ये कोणी हललं नाही. फरशीवर भिंगरीचा एक हात नुसता पडला होता आणि वस्तादांनी त्याच्याजवळ आपला हात ठेवला होता, पकडला मात्र नव्हता.

मग पोरीची छाती एकदम फुगली. श्वास आत गेल्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. तिने डोळे उघडले, समोर बापाचं तोंड बघितलं आणि मुसमुसायला लागली.

वस्ताद उठून बसले. त्यांच्या गालाला, कानाला, सदऱ्याला केस चिकटले होते. पोरीचं अर्धं कपाळ उघडं, अर्ध्यावर झिपऱ्या. ते म्हणाले, "आज एवढंच पुरे."

"नाही," बायको म्हणाली. कितीतरी महिन्यांनी हा शब्द तिच्या तोंडून निघाला असेल. "उरलेले पण कापा." मग ती स्वतः खुर्चीत बसली आणि भिंगरीला मांडीवर घेतलं.

पोर उरलेला सगळा वेळ रडली, पण श्वास घेत रडली. कापून झाल्यावर तिने आरशात बघितलं आणि आपलंच कपाळ चापटी मारून तपासलं. बाकड्यावरचा तो पाणी मारायला सांगणारा गृहस्थ हसला, मग आम्ही सगळेच हसलो. बायको मात्र तेव्हा रडत होती.

लगेच सगळं आलबेल झालं असं नाही. पुढेही भिंगरीचा श्वास अडकायचा. पण औषध पोटात जाऊ लागलं, बाटली सुटली, ताटातली भाजी तिच्या मागे लागून भरवली जाऊ लागली, तसं ते विरळ होत गेलं. सुनेने सासूजवळ बसून एकदा विचारलं, "आई, हे असे पडायचे तेव्हा तुम्ही काय करायचात?" म्हातारी म्हणाली, "काय करणार? बाकाखाली डोकं घालून वाट बघायचे." मग दोघी किती तरी वेळ बोलत बसल्या. काही दिवसांनी भिंगरीला आजीपाशी ठेवून सून परत चपलांच्या दुकानात जाऊ लागली. पहिल्या दिवशी तिने घरी किती फोन केले हे म्हातारी अजून नक्कल करून दाखवते.

आता भिंगरी शाळेत जाते. शेवटचं कधी असं झालं ते घरात कोणालाच आठवत नाही. वस्ताद म्हणतात, शाळेत जायच्या आधी. बायको म्हणते, छे, त्याच्याही आधी. त्यावरून दोघांची अधूनमधून चांगलीच जुंपते.

परवा मी कटिंगला गेलो, तेव्हा शाळेतून आलेली भिंगरी कुठल्यातरी खोडरबरावरून बाकड्यावर बसून गळा काढत होती. मी कानात बोटं घातली. वस्ताद कात्री चालवत म्हणाले, "ऐका हो जरा. काय खणखणीत रडते, बघा!"