पंचवीस खोल्यांचं घर

कारकुनाने ते दार सरकवलं ते निव्वळ टापटिपीपायी. शिवणाच्या बाईंनी कोड्याच्या कागदावर एक घर काढलं होतं: पाच ओळी, ओळीत पाच खोल्या, आणि आत शिरायचं दार अगदी कोपऱ्यातल्या खोलीला. नेमक्या त्याच कोपऱ्यात स्टेपलरची पिन येत होती. दार पिनेखाली गेलं तर पोरांना दिसायचं कसं? म्हणून त्याने संगणकावर ते उचललं आणि शेजारच्या खोलीला लावलं. एकच खोली पलीकडे. छापलेला कागद हात लांब करून न्याहाळला, स्वतःवरच खूश झाला आणि चहा मागवला.

कोडं सांगायला सोपं होतं. दारातून शिरा, खोलीतून शेजारच्या खोलीत जा, तिरकं नाही, प्रत्येक खोलीत एकदाच पाऊल ठेवा, एकही खोली सोडू नका. कोपऱ्यातून शिरलं तर रस्ता सापडतो. शेजारच्या खोलीतून शिरलं तर ब्रह्मदेव आला तरी सापडत नाही. हे कारकुनाला माहीत नव्हतं. डोकं बाईंचं, कागद त्याचा, अशी दोघांची एकवीस वर्षांची वाटणी होती.

बाई मुळात शिवणाच्या. त्यांच्या खोलीत अकरा मशिनं, त्यातली चार चालू. बंद पडलेल्या सातांवर शनिवारी त्यांचा दुसरा संसार मांडला जायचा: बटणं, काड्या, फरशीचे तुकडे, आणि कापडाचे असे कपटे की नीट जोडले तर सदऱ्याची बाही व्हावी. ज्या पोरांचं वर्गातलं काम दहा मिनिटांत उरकायचं आणि उरलेला वेळ जी बाकाला भोकं पाडत बसायची, त्यांना बाई वर्गावर्गात जाऊन मागून आणायच्या. "अंगठे कशाला धरायला लावता, मला द्या," म्हणायच्या. मुख्याध्यापक एरवी याला 'बाईंचा नाद' म्हणत आणि पाहुणे आले की 'आमचा विशेष उपक्रम'.

बाईंची एक रीत होती. दर शनिवारी दहा कोडी, त्यातलं एक न सुटणारं. कोणतं ते सांगायचं नाही. पोरांनी ते हुडकून 'होत नाही' असं लिहायचं, आणि का होत नाही तेही. बाई शाब्बासकी देत नसत. फार झालं तर 'हं' म्हणत, आणि त्या एका 'हं'साठी पोरं आठवडाभर जीव टाकत. लहानपणी बाईंनी फळ्यावरचं गणित चुकलंय असं गुरुजींना सांगितलं होतं, त्याबद्दल त्यांना वर्षभर मागच्या बाकावर बसवलं होतं. "त्यानंतर मी कधी हात वर केला नाही," असं त्या एकदा सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या होत्या. कारकुनाने त्या वेळी नुसती मान हलवली होती.

यंदाच्या पोरांत इस्त्रीवाल्याची दहा वर्षांची मुलगी होती. अंगाने काडी, नजर टोकदार. बाईंनी तिचं नाव टाचणी ठेवलं.

"काय गं टाचणे, सातवं का सोडलंस?"

"ते होत नाही."

"कशावरून?"

"काढताना तुम्ही हसलात, बाई. रेघ हललीय बघा."

"कारण लिही, कारण. माझं हसू तपासू नकोस," बाई म्हणाल्या, आणि मग, "हं."

एका मोठ्या निवासी शाळेत एका मुलाची जागा होती. वयाचं अकरावं वर्ष संपायच्या आत गेलं पाहिजे, आणि शाळेने एकच नाव पाठवायचं. त्या निवडीचा कागद बाईंनी काढला. तपासायला मात्र मुख्याध्यापक बसले, नंतर कुणी बोट दाखवायला नको म्हणून. पोरं बसल्यावर बाईंनी सांगितलं, "आज माझी लबाडी नाही. आज दहाच्या दहा सुटतात."

घराचं कोडं पहिलंच होतं. बाकीच्यांनी थोडी खटपट केली, सोडून दिलं आणि पुढचं घेतलं. टाचणी दोन तास त्या घरातून बाहेर आलीच नाही. तिची नऊ कोडी कोरी राहिली. जागा दुसऱ्या एका मुलाला मिळाली. मुलगा गुणी होता, तो ट्रंक घेऊन गेलासुद्धा.

तीन आठवड्यांनी कागदांचा गठ्ठा बाईंकडे परत आला. टाचणीच्या कागदामागे तेच घर पुन्हा काढलेलं होतं, एकाआड एक खोली पेन्सिलीने काळी केलेली. खाली लिहिलं होतं: काळ्या तेरा, पांढऱ्या बारा, दर पावलाला रंग बदलतो, म्हणून काळ्यातूनच निघायला हवं, पण दार पांढऱ्याला आहे, म्हणून होत नाही. मग त्या सगळ्यावर काट मारलेली. आणि त्याखाली: 'बाई म्हणाल्या सुटतं. म्हणजे माझंच चुकतंय.'

बाईंनी तो कागद कारकुनाच्या टेबलावर ठेवला. त्याने खणातून बाईंच्या हातचा मूळ कागद काढला, दोन्ही शेजारी शेजारी ठेवले आणि चष्मा काढून पुसला. पुसून काही फरक पडला नाही.

"मी सरकवलं," तो म्हणाला. "पिनेसाठी."

बाई मुख्याध्यापकांकडे गेल्या. "आता त्या पोराला ट्रंकेसकट परत आणू का?" ते म्हणाले. "झालं ते झालं. वाच्यता नको." मग त्या इस्त्रीच्या दुकानात गेल्या. टाचणी स्टुलावर उभी राहून चादरींच्या घड्या घालत होती. बाईंचं सगळं बोलणं तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला वाईट वाटू नये म्हणून सांगताय, बाई." पुढची चादर ओढली.

शनिवारी ती येईनाशी झाली. वर्गात कुणी काही विचारलं तर म्हणायची, "तुम्हीच सांगा ना."

महिन्याने बाई पुन्हा कारकुनाच्या टेबलापाशी आल्या. उभ्याच राहिल्या.

"तो मूळ कागद द्या. आणि दार तुम्ही हलवलंत असं दोन ओळींत लिहून खाली सही करा. माझं तोंडी तिला पटत नाही."

कारकुनाने पेन हातात घेतलं. टोपण काढलं, परत लावलं. "तिचा बाप तो कागद घेऊन साहेबांकडे येईल."

"येईल."

"साहेबांनी वाच्यता नको म्हटलंय. मग चौकशी, मग पेन्शन अडकणार." त्याने पिनांची डबी उगाच सरळ केली. "बाई, माझी दीड वर्षं राहिलीत हो."

"तिची सत्तर राहिलीत."