अण्णांचा पहिल्या नंबरचा मॉल

पुण्यात एकामागून एक मॉल उघडत होते, तेव्हा आमच्या आयटी कंपनीत जेवणाच्या सुट्टीत त्यांचे नंबर लागत. कुणी थिएटरवरून लावी, कुणी कपड्यांच्या सेलवरून. माझे वडील, म्हणजे अण्णा, झडतीवरून लावत.

त्यांची सगळी नोकरी खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात गेली. फाटकावर रोज झडती. निवृत्तीनंतर आम्ही कर्वेनगरला फ्लॅट घेतला आणि अण्णांनी खिडकीजवळची खुर्ची. तीन महिने घराबाहेर पाऊल नाही. "अहो, निदान कोपऱ्यापर्यंत तरी जाऊन या," असं म्हणून म्हणून आई थकली. माणूस असा खुर्चीतच संपतो की काय, याची मला खरंच भीती वाटायची.

एका रविवारी त्यांना बळेच मॉलमध्ये नेलं. दारात सिक्युरिटीवाला दिसताच अण्णांनी न सांगता हात पसरले, पाय फाकवले, नजर समोर. मागे रांग खोळंबली. मी लाजेनं अर्धमेली. आत त्यांनी ढुंकूनही काही पाहिलं नाही. बाहेर आल्यावर मात्र म्हणाले, "व्यवस्था चांगली आहे."

मग काय, स्वारी रोज बसने निघू लागली. चार मॉल पालथे घातले. एक नापास, कारण तिथला माणूस फोनवर बोलत तपासतो. दुसऱ्यात नुसतंच यंत्र फिरवतात. पहिला नंबर मिळाला तो मी नेलेल्याच मॉलला. तिथला सिक्युरिटीवाला वर्ध्याकडचा, हात चोख.

एक दिवस अण्णा तासाभरात परतले आणि पुन्हा खुर्चीत बसले.

"आत सोडलं नाही का?" मी विचारलं.

"सोडलं. तेच तर! म्हणतो, तुमाले काय तपासाचं काकाजी, जा ना. मी काय तिथे टाइमपास करायला जातो?"

याचं खरं उत्तर मी गिळलं.

दोन दिवस ते जागचे हलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना मी त्या सिक्युरिटीवाल्याला गाठलं. "दादा, आमच्या अण्णांना तपासत जा. रोज." तो आधी बघतच राहिला, मग मान डोलावली. संध्याकाळी अण्णांना ओढतच नेलं. खिसे, पिशवी, चष्म्याचं घर, सगळं तपासून झालं. अण्णा ताठ उभे होते. मला एकदम रडू आलं.

परतताना बसमध्ये त्यांनी विचारलं, "तू सांगितलंस ना त्याला?"

"हो."

"बरं केलंस," म्हणाले. "पण उद्यापासून तू येऊ नकोस. ड्यूटीवर कुणी लेकीला घेऊन जातं का?"