वाकडा बसवलेला खांदा

विश्रामबागेतल्या माझ्या हाडांच्या दवाखान्याला एका पैलवानानं नेटवर एकच स्टार दिला : ‘डॉक्टरनं खांदा वाकडा बसवला.’ खांदा कुस्तीत मोडला, असं त्यानं तालमीत ठोकून दिलेलं. खरं कारण मलाच ठाऊक. पण पेशंटची गोष्ट चारचौघांत काढता येत नाही, म्हणून मी एवढंच लिहिलं, ‘समक्ष भेटा.’

भेटायला अख्खी तालीम आली. काचा फुटल्या, खुर्च्या पंख्याला लटकल्या. पैलवानानं गचांडी धरून मला छताला टेकवलं.

दोस्त ओरडले, “डाक्टर, खांदा मोडला कसा, ठावं तरी हाय का?”

पैलवान पांढराफटक पडला.

“ठाऊक आहे,” मी वरूनच म्हणालो, “पण सांगणार नाही.”

त्यानं मला अलगद उतरवलं आणि दोस्तांनाच बडवत रस्त्यावर काढलं. त्याच वाकड्या खांद्यानं!