फडातला श्वास
पाचट जळल्याचा वास आला की मला तो उसाचा फड आठवतो. ऊसतोडीला पाथर्डीहून निघताना नर्सबाईंनी आईचा बीपी मोजून बजावलं होतं, "गोळी चुकवू नका, आणि रोज सकाळी शांत बसून सावकाश श्वास घ्या, सावकाश सोडा." फडात नवरा-बायकोची जोडी मिळून 'एक कोयता' मोजतात; वडील ऊस तोडायचे, आई मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रकपर्यंत न्यायची. अंधारात उठून भाकरी थापणाऱ्या बाईला शांत बसायला सकाळ उरते कुठं? एकदा डोकं फारच ठणकायला लागलं तशी ती मोळीला टेकली, डोळे मिटून हळूहळू श्वास घेऊ लागली. मी बांधावरून बघत होते. तेवढ्यात वडील खेकसले, "ऊठ की! मुकादम बघतोय. श्वास घरी गेल्यावर घे, इथं न्हाई." ती उठली आणि मोळी डोक्यावर घेतली. आता वडिलांनाही बीपी आहे. रोज सकाळी ओट्यावर मांडी घालून, मोबाईल समोर ठेवून ते श्वासाचे व्यायाम करतात. काल आई अंगण झाडत होती. डोळे न उघडताच ते म्हणाले, "तो खराटा बंद कर. माझा श्वास चुकतोय."